भीमाशंकरच्या रानातून चालताना

पुण्याहून मुंबईच्या रस्त्याला लागले की पिंपरी-चिंचवड मागे टाकल्यावर, निगडीच्या अलीकडे आकुर्डी लागते. आज तेथे कारखाने, उंच इमारती आणि लोकल गाड्यांचे स्थानक दिसते. पण खंडोबाचा माळ हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे, आणि पंढरीच्या वाटेवर देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी आजही आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला थांबते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, माळावर आणि शेतांवर कारखाने उभे राहिले, १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. आता तोच पट्टा पुढे चाकणपर्यंत पसरला आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचा एखादा मुलगा, पुतण्या किंवा जावई या पट्ट्यात कामाला असतो. गावाकडून आई-वडील त्याच्याकडे आले की सुट्टीच्या दिवशी बेत ठरतो, "चला, भीमाशंकरला जाऊन येऊ."

देवदर्शन कसे करावे हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. ते आपणांस आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. परंतु दर्शन झाल्यावर पुष्कळ मंडळी देवळामागच्या रानात शिरतात. कोणी गुप्तभीमेकडे जातात, कोणी नागफणीच्या कड्याकडे जातात, तर काही तरुण मंडळी कोकणातल्या खांडस गावाहून घाट चढून येतात. त्या रानवाटेवर पाऊल कसे टाकावे, याविषयी चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेख. गोष्टी शेतकऱ्याला समजण्यासारख्या आहेत, कारण त्या माती, पाणी, गवत आणि गुरे यांच्याच आहेत.

आकुर्डी ते भीमाशंकर

आकुर्डीहून निगडी, तळवडे करीत चाकणला यावे. चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार सर्वांना माहीत आहे. पुढे राजगुरुनगर लागते. हुतात्मा राजगुरूंचे हे जन्मगाव, पूर्वीचे खेड. तेथून डावीकडे वळून चास, वाडा या मार्गाने गाडी डोंगराकडे निघते. वाटेत चासकमान धरणाचा जलाशय दिसतो. येथून शेतीचा रंग बदलू लागतो. कांदा-बटाट्याची सपाट शेते मागे राहतात आणि उतारावरची भातखाचरे, नाचणी-वरईचे तुकडे आणि बांधावरचे हिरडे दिसू लागतात. दुसरा मार्ग मंचर, घोडेगाव, डिंभे धरण असा आहे. कोणत्याही वाटेने गेले तरी आकुर्डीपासून अंतर शंभर-एक किलोमीटर भरते.

या शंभर किलोमीटरांत पावसाचे मान किती बदलते ते लक्षात घेण्यासारखे आहे. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच नदीच्या काठाने पूर्वेला शिरूरच्या बाजूला गेले तर पाच-सहाशे मिलीमीटरवर समाधान मानावे लागते. माथ्यावरचे पाणी रान धरून ठेवते, म्हणून खालच्यांची शेती चालते. भीमा या रानात उगम पावते, चासकमानमध्ये अडते, पुढे उजनीत साठते आणि पंढरपूरला चंद्रभागा म्हणून वाहते. घोड नदीही याच डोंगररांगेतली, तिच्यावर डिंभे धरण आहे. आकुर्डीकरांना ज्या पवनेचे पाणी मिळते ती लोणावळ्याच्या बाजूच्या डोंगरातून येते, आणि ते पाणीही शेवटी मुळा-मुठेतून भीमेलाच मिळते. म्हणजे भीमाशंकरच्या रानाशी आपला संबंध वर्षातून एकदा दर्शनाला जाण्यापुरता नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या उसाच्या शेतापर्यंत तो पोहोचतो.

रान कसे आहे

१९८५ साली भीमाशंकरचे रान अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर असून ते पुणे, रायगड आणि ठाणे या तीन जिल्ह्यांत पसरलेले आहे. रान सदाहरित आणि निमसदाहरित आहे. आंबा, जांभूळ, हिरडा, अंजनी, पिसा, उंबर अशी झाडे येथे एकमेकांना खेटून उभी आहेत. फांद्या फांद्यांत गुंतलेल्या असतात, त्यामुळे भर दुपारीही वाटेवर सावली असते.

या गुंतलेल्या फांद्यांवर येथला मानाचा रहिवासी अवलंबून आहे. तो म्हणजे शेकरू, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. ही मोठी खार. तांबूस-तपकिरी पाठ, फिकट पोट आणि झुबकेदार लांब शेपटी. ती या फांदीवरून त्या फांदीवर उड्या घेत जाते आणि जमिनीवर क्वचितच उतरते. काटक्या आणि पाने गुंफून ती उंचावर गोल घरटी बांधते, आणि एकच जोडी अनेक घरटी बांधते. मधले एक मोठे झाड तुटले तर आपल्याला वाटते, एवढ्या रानातले एक झाड गेले. शेकरूच्या दृष्टीने रस्त्यावरचा पूल मोडलेला असतो.

पावसाळ्यात या रानात आणखी एक नवल दिसते. कुजलेल्या लाकडावर वाढणाऱ्या काही बुरशी रात्रीच्या अंधारात हिरवट उजेड देतात. पडलेले लाकूड म्हणजे वाया गेलेले सरपण नव्हे, त्यावरही एक पीक उभे असते. म्हणून रानातले वाळके ओंडके उलथून पाहू नयेत.

वाट म्हणजे दुसऱ्याच्या शेताचा बांध

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पिकातून जाण्याची वेळ आली तर शेतकरी काय करतो? तो बांधावरून जातो. बांध वळण घेत असला तरी तो वळणाने जातो, पीक तुडवीत नाक्यासमोर जात नाही. आणि कोणी परका आपल्या उभ्या ज्वारीतून आडवा गेला तर आपण त्याला चार शब्द सुनावतो. रानातली पायवाट हा असाच एक बांध आहे. दोन्ही बाजूंना पीक उभे आहे, फक्त ते आपण पेरलेले नाही.

घाटाची जुनी वाट नागमोडी का असते याचा कधी विचार केला आहे काय? खांडसहून वर येणाऱ्या दोन वाटा आहेत. गणेश घाटाची वाट लांबची, पण वळणावळणाने चढणारी. शिडी घाटाची वाट जवळची, पण खड्या चढणीची आणि लोखंडी शिड्यांची. पावसाळ्यात ती धोक्याची असते, नवख्याने आणि लेकुरवाळ्यांनी तिकडे जाऊच नये. वळणाने चढणाऱ्या वाटेवर माणसाला दम कमी लागतो आणि पाण्यालाही धावायला जागा कमी मिळते. आपण शेतात उताराला आडवी नांगरट करतो आणि समतल चर खणतो, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

काही घाईची मंडळी दोन वळणांच्या मधून सरळ खाली उतरतात. एकाने उतरले की तेथे रेघ उमटते. शंभर जण उतरले की गवत मरते, माती घट्ट होते. पहिल्या जोराच्या पावसात पाणी त्या रेघेने धावते. दुसऱ्या वर्षी तिथे ओघळ, चौथ्या-पाचव्या वर्षी गुडघाभर खोल घळ. मग वरची वाटही कडेने ढासळू लागते. सह्याद्रीच्या उतारावर कातळावर मातीचा थर बहुधा पातळ असतो. तो तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि वाहून जायला काही पावसाळे पुरतात. वाहिलेली माती खाली धरणात गाळ म्हणून बसते.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी घरीच एक प्रयोग करावा. शेतातल्या बैलगाडीच्या चाकोरीत एक तांब्या पाणी ओतावे आणि शेजारी झाडाखालच्या पालापाचोळ्यावर दुसरा तांब्या ओतावा. चाकोरीतले पाणी वाहून जाते किंवा वर साचून राहते. पाल्याखालची माती मात्र पाणी पिऊन टाकते. रानवाटेवर माणसे पसरून चालली की वाट रुंद होते, म्हणजे ही चाकोरी रुंद होते. म्हणून रानात एकामागे एक चालावे. वाटेत चिखल असला तरी कडेची झाडोरी तुडवून नवी वाट पाडू नये, चिखलातूनच जावे. शेतकऱ्याच्या पायाला चिखलाचे भय ते काय! आकुर्डीच्या मुक्कामावरून पुढे निघणाऱ्या दिंड्या आपण दरवर्षी पाहतो. हजारो माणसे, पण प्रत्येक जण आपल्या ओळीत. ती शिस्त आपल्या अंगात आहेच, ती फक्त रानात न्यायची आहे.

कारवीची गोष्ट याच संदर्भात सांगितली पाहिजे. ही डोंगरउतारावर दाट वाढणारी झुडपे, हिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती आपण पाहिल्या आहेत. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. तो उतार निळा-जांभळा झाला की फोटो काढण्यासाठी मंडळी ताटव्यात घुसतात. बी धरण्याच्या वर्षीच झाडे मोडली तर पुढच्या पिढीचे बियाणे गेले. फोटो वाटेवरूनही चांगला येतो.

विस्तव

फाल्गुन-चैत्रात गवत वाळून कोळ झालेले असते. विडीचे एक थोटूक किंवा चहासाठी पेटवलेली तीन दगडांची चूल पुरते आणि पाहता पाहता डोंगर पेटतो. येथे आम्ही शहरातल्या मंडळींनाच बोल लावणार नाही. "डोंगर भाजला की पुढल्या साली गवत चांगले येते" ही समजूत आपल्या गावांतूनही आहे. यात दिसते ते इतकेच की राखेवर पहिला हिरवा कोंब लवकर येतो. पण वणव्याने पालापाचोळा जळतो, वरच्या थरातला सेंद्रिय अंश जातो, कोवळी रोपे आणि चांगल्या गवताचे बी मरते. राख पहिल्या पावसात वाहून जाते. आगीला दाद न देणारे कुसळीसारखे राठ गवत तेवढे शिल्लक राहते आणि वर्षागणिक वाढते. गुरे ते कोवळे असेपर्यंत खातात, कुसळे धरल्यावर तोंड लावीत नाहीत. म्हणजे चाऱ्यासाठी लावलेली आग शेवटी चाराच खाते. भाताच्या रोपांसाठी राब भाजतानासुद्धा कडेने जागा साफ करून, वारा पडलेला असताना आणि जवळ पाणी ठेवूनच विस्तव लावावा.

रानात जाताना भाकरी, चटणी, दशम्या घरून न्याव्यात. चूल मांडूच नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात धोका होईल असा विस्तव पेटवणे, पेटता सोडून जाणे, प्राण्यांना छेडणे आणि कचरा टाकणे यांना मनाई केलेली आहे. धुराचे आणखी एक भय आहे. कड्यांवर आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ असते. धूर, दगड किंवा उग्र वासाची अत्तरे यांनी माश्या चवताळतात आणि मग पळायलाही वाट उरत नाही.

कचरा आणि पाणी

महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१८ साली बंदी आली, एकदाच वापरून टाकायच्या कित्येक वस्तूंवर २०२२ साली देशभर बंदी आली. तरी चिवड्याच्या पुड्या आणि पाण्याच्या बाटल्या वाटेच्या कडेला दिसतात. त्यांचे पुढे काय होते? खारट पुडी वाड्यावरची गाय चघळते. ती पोटात अडकली की जनावर फुगते, खाणे सोडते आणि मालकाला कारण कळेपर्यंत हातचे जाते. ज्याच्या दावणीला दोनच गाई आहेत त्याचे हे नुकसान, आपण पाच मिनिटांत खाल्लेल्या चिवड्यामुळे झालेले असते. म्हणून घरून एक रिकामी कापडी पिशवी न्यावी आणि आपला सगळा कचरा तीत भरून परत आणावा. लहान बाळांचे डायपरसुद्धा परत आणावेत. ते झुडपात टाकले तर कुत्री आणि रानडुकरे ओढून काढतात.

शौचास जायचे तर ओढ्यापासून निदान साठ-सत्तर पावले दूर जावे, हातभर कोयत्याने किंवा काठीने खड्डा करून वर माती लोटावी. गुप्तभीमेच्या किंवा कोणत्याही झऱ्याच्या पाण्यात साबण लावू नये, कपडे धुऊ नयेत. खालच्या वाडीच्या बायका त्याच ओढ्याचे पाणी हंड्यात भरतात.

एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. गाजर गवत पुण्यात पहिल्यांदा दिसले ते १९५० च्या दशकात. तेथून ते देशभर कसे पसरले हे शेतकऱ्याला सांगायला नको, त्याची खुरपणी आपण अजून करीत आहोत. तण चिखलाबरोबर, चाकाबरोबर आणि कपड्यांना चिकटून प्रवास करते. घाणेरी आणि रानमोडी तर रानाच्या कडेने शिरतेच आहे. म्हणून शेतातून थेट निघाला असाल तर रानात शिरण्याआधी वहाणांचा चिखल झाडावा आणि धोतर-लुगड्याला, पँटला लागलेली कुसळे वाटेच्या बाहेरच काढून टाकावीत.

रान रिकामे नाही

या डोंगरांत महादेव कोळी समाजाच्या वाड्या आहेत. भात, नाचणी, वरई एवढ्यावर वर्ष निघत नाही. उन्हाळ्यात कोवळा हिरडा गोळा करून वाळवायचा आणि विकायचा, त्यावर कित्येक घरांचा मीठ-मिरचीचा, वह्या-पुस्तकांचा खर्च चालतो. एका वाडीवर बोलणे चालले असता एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "साहेब, तुमच्याकडची माणसं आमच्या हिरड्याची डहाळीच मोडून नेतात. फळ नेलं तर एक साल गेलं. डहाळी नेली तर?" द्राक्षाची किंवा डाळिंबाची बाग करणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर सांगावे लागणार नाही. म्हणून फळ, फूल, डहाळी, कंद काहीही तोडू नये. हिरडा हवा असेल तर वाडीवर विचारून, योग्य दाम देऊन विकत घ्यावा. वाट दाखवायला वाडीवरचाच एखादा माणूस बरोबर घ्यावा. त्याला मजुरी मिळते, आपल्याला वाट आणि झाडांची नावे मिळतात.

आवाजाचेही तसेच आहे. शेकरूला धोका वाटला की ते ओरडते, किंवा फांदीला चिकटून निपचित पडून राहते. झाडाखाली स्पीकर वाजत असला तर ते खायला बाहेर पडत नाही, आणि मंडळी म्हणतात, "रानात काही दिसलेच नाही." गप्प चालणाऱ्याला पाखरे दिसतात, पायाखालचा सापही वेळेवर दिसतो. माकडांना खाऊ घालू नये. ती दोन दिवसांत हातातली पिशवी ओढायला शिकतात आणि पुढे शेतातल्या मक्यावरही तुटून पडतात.

पावसाळ्यात

याच आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्या गावाचे नाव घेताना अजून कंठ दाटतो. पाऊस पडत असताना पाण्याने जड झालेल्या उतारावर भरवसा ठेवू नये, हे त्यावरून शिकायचे. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी बेत रद्द करावा, देव कोठे जात नाही. वन विभागाच्या चौकीवर विचारूनच रानात शिरावे आणि जी वाट बंद असेल ती बंदच समजावी. ओढ्याला गढूळ लोट आला, पाणी गुडघ्यावर चढले तर ओलांडू नये. डोंगरातला ओढा जसा भराभर चढतो तसा पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतोही, तोवर अलीकडे थांबावे. कड्याच्या टोकाशी ओले शेवाळ असते, तेथे फोटोसाठी जाऊ नये. सकाळी लवकर निघावे, कोठे जातो ते घरी सांगावे आणि सूर्य मावळायच्या आत रानाबाहेर यावे.

देवराईचा नियम

हे सगळे नियम कोणी नव्याने आणलेले आहेत असे समजू नये. आपल्या गावांच्या देवराया आठवा. वहाणा बाहेर काढायच्या, आत मोठ्याने बोलायचे नाही, पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. भीमाशंकरच्या परिसरात आहुपेसारख्या ठिकाणी अशा देवराया अजून आहेत. १९७० च्या दशकात डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा आजूबाजूला विरळ झालेली कित्येक झाडे आणि वेली त्यांत सुखरूप असल्याचे दिसून आले. ज्यांनी ती राखली ते शाळेत गेलेले नव्हते. त्यांना इतके माहीत होते की झरा राईखाली आहे आणि राई गेली तर झरा जाईल.

मुलांना हे शिकवायला भीमाशंकरपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आकुर्डीला मुलाकडे आलात तर नातवंडांना घेऊन जवळच्या दुर्गा टेकडीवर जा, घोरावडेश्वराच्या पायऱ्या चढा, नाहीतर तुकोबांच्या भंडारा डोंगरावर जा. वाट सोडायची नाही, काही तोडायचे नाही, काही टाकायचे नाही, एवढे तीन नियम त्यांना चालता चालता सांगा. पोरे लवकर शिकतात. पुढे वडीलधाऱ्यांनी आडवाट धरली तर तीच हात धरून मागे ओढतात.

आणि भीमाशंकरला गेलात तर परत निघण्यापूर्वी आपली कचऱ्याची पिशवी एकदा मोजून पाहा, नेलेल्या जिनसांपैकी काही रानात राहिले तर नाही ना. खाली उजनीच्या कालव्यावर पाळी येण्याची वाट पाहणारा आपलाच कोणी बंधू त्या रानावर अवलंबून आहे.